मीटरवर तीन मैल

पुसद, ३ सप्टेंबर १९६१

माझ्या हातानं झालेल्या वस्तू, आजच्या तारखेपर्यंत: शोरूमचा दोन फळ्यांचा दरवाजा, सागाचा, एकही खिळा न मारता. दर्शनी काचेची चौकट. आतली फरशी, जिच्यावर गोटी ठेवली तर जागची हलत नाही. रस्त्यावरून गाडी आत चढवायची उतरण. पाटी, ‘येथे नव्या मोटारी मिळतील’, पांढऱ्यावर निळी. अक्षरं मीच काढली, आणि मी शाळेत एक दिवसही बसलेलो नाही. मागच्या गॅरेजचा खड्डा आणि त्याच्या पायऱ्या. पाच टनांचा स्क्रूजॅक. त्याचे आटे मी स्वतः कापले, बाजारात मिळतो त्याच्या निम्म्यात पडला आणि दुप्पट टिकेल. याडीची, म्हणजे माझ्या आईची, बाज. घराचं न्हाणीघर. नेमसिंगला पाना धरायला शिकवलं ते यात धरत नाही, पण माझा मुलगा आज जिल्ह्यातला दुसऱ्या नंबरचा मिस्त्री आहे.

न केलेली वस्तू एकच, मोटार. ती मुंबईच्या कारखान्यात होते. होते म्हणतात, इथे येत नाही. नागपूरच्या शेठनी मला पोट-एजन्सी देऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत माझ्याकडे गाडीसाठी नावं आली एकोणीस आणि गाडी आली नाही एकही. शोरूममध्ये माल म्हणजे चार टायर, ऑइलचे डबे आणि भिंतीवर गाडीचं चित्र.

आजपासून हे लिहून ठेवणार. माझ्यामागे कोणी म्हणायला नको की खेमसिंगनं सगळं आयतं घेतलं.

१९ ऑक्टोबर, दसरा

गाडीची मापं छापलेला कागद माझ्याकडे आहे. त्यावरून मी गेल्या वर्षी फरशीवर पांढऱ्या रंगानं अख्खी गाडी आखली, असल मापाची. चार चाकं, चार दरवाजे, पुढची-मागची बैठक. गिऱ्हाईक आलं की चपला बाहेर काढायला लावून त्या रेघांत नेतो, स्टूल देतो आणि समजावतो, हे स्टीअरिंग, इथे गिअर, मागे तीन माणसं आरामात. बहुतेकांना पटतं. उमरखेडकडचे भगवानराव तर चांगला अर्धा तास बसून होते.

आज सकाळी हत्यारांची पूजा करायला दरवाजा उघडला तर त्या रेघांच्या मधोमध कडब्याची पेंढी, वर झेंडूचं फूल. खिडकीतून कोणी तरी टाकलेली. समोर कापसाचे दलाल किसनराव दहा जणांना घेऊन उभेच होते. नावांच्या यादीत त्यांचा दुसरा नंबर आहे, तरी तोंड असं.

“काय खेमसिंगभौ, गाडीले चारा टाकला का?”

मी कुलूप खिशात टाकलं.

“दोन वर्सं झाले, भौ. गाभन बी राहून नाई राह्यली. भाकड निंगाली का काय?”

सगळे हसले. नेमसिंगही हसला. मी पेंढी उचलून बाहेर फेकली, फरशी पुसली, पूजा केली. नेमसिंगला सणाचा दिवस खड्ड्यात काढायला लावला, ट्रकचं डिफरन्शियल खोलायला. संध्याकाळी त्याची बायको नंदाबाई सोनं द्यायला आली तेव्हा तो तिथेच होता. मी तिला आत जाऊ दिलं नाही. काम चालू असताना नाही म्हणजे नाही.

२४ नोव्हेंबर

रस्त्याचे ठेकेदार रामराव आले. त्यांना नवी गाडी हवी, आणि आत्ता हवी. मी नंबर सांगितला, विसावा. ते हसले.

“नंबर पोस्टाच्या रांगेत असते, खेमसिंग. तुझ्याकडं पहिली गाडी आली का माझ्या घरी लाव. वरचे पैसे तू सांगशील ते.”

हे असं आता सगळीकडेच चाललंय. नवी गाडी मिळत नाही म्हणून दोन वर्षं वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जाते. अमरावतीच्या एका डॉक्टरनं चाळीस हजार मैल चाललेली गाडी विकली आणि त्यात घराचा वरचा मजला बांधला. लोकांना यात काही विचित्र वाटत नाही.

मी रामरावांना म्हणालो, “पहिला नंबर भगवानरावांचा. गाडी त्यांच्या घरी जाईल.”

रामराव गेल्यावर नेमसिंग पुढे आला. “बा, कायले नाई म्हटलं? त्या पैशात तेलाचा जॅक येते. तुझ्या जॅकचे आटे खाऊन राह्यले. काल बोटभर सटकला.”

“जॅक सटकत नाही. लावणारा सटकतो.”

“पाहून तर घे एकदा.”

“मी केलेली वस्तू मी पाहायची का तू?”

मग त्याला खाली बसवून पुन्हा सांगितलं. माझा आजा धरमसिंग लदेणीचा, म्हणजे बैलांवर माल वाहणारा माणूस, शंभर बैलांचा तांडा. साठ वर्षांमागे, संवत छप्पनच्या दुष्काळात, एका सावकाराची ज्वारी बैलांवर लादून निघाला होता. तांड्यातली पोरं भुकेनं रडत गोण्यांना टेकून झोपायची. त्यानं एकाही गोणीचं सील फोडलं नाही. सावकाराच्या दारात जशीच्या तशी उतरवली. वाहणारा माणूस दुसऱ्याच्या गोणीला हात लावत नाही. बैल गेले, लदेणी गेली, आता मोटारी आल्या. आपण तेच आहोत.

नेमसिंग म्हणाला, “मले पाठ झाली ही गोष्ट.” पाठ होऊन काय उपयोग.

३० डिसेंबर

नागपूरहून निरोप. एक गाडी सुटली आहे, आपल्या वाट्याची. एकच. मी निरोप्याला चहा पाजला आणि पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. रंग राखी.

बाकीचे पोट-एजंट गाडी नागपूरहून चालवत नेतात. गिऱ्हाइकाला नवी म्हणून देतात आणि मीटरवर दीडशे मैल. मी ट्रकवर आणणार. पाळणा करायला घेतला: खाली सागाच्या कड्या, चाकांना खाचा, खाचांत नारळाचा काथ्या, चारी बाजूंनी पट्टे. रुक्मानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पट्ट्यांना आतून जुनी गोधडी शिवून दिली. टाके मोठे घातले होते. उसवून परत घालायला लावले.

११ जानेवारी १९६२

आली.

मी स्वतः मागे ट्रकमध्ये पाळण्याला धरून उभा राहून आलो. दिग्रसनंतर रस्ता फार वाईट, ड्रायव्हरला बैलगाडीच्या चालीनं घ्यायला लावलं. त्यानं मला शिव्या दिल्या, मी ऐकून घेतल्या. माझ्याच उतरणीवरून गाडी आत चढली आणि माझ्याच रेघांवर उभी राहिली. चारही चाकं रेघांच्या आत. एका बाजूला बोटाचंही अंतर कमी-जास्त नाही.

मीटरवर तीन मैल. हे कारखान्यातच झालेले.

गावानं काचेला नाकं लावली. किसनरावांनीही.

१४ जानेवारी, संक्रांत

भगवानराव जीपनं आले. कापूस-तुरीची मोठी शेती, धोतर कडक इस्त्रीचं. त्यांनी पूर्ण पैसे भरून टाकले, म्हणजे आता गाडी त्यांची. माणूस पारखी आहे. बाकीचे लोक रंग पाहतात, हॉर्न वाजवून पाहतात. यांनी दरवाजा उघडून पहिली नजर मीटरवर टाकली.

“तीनच?”

“तीनच.”

“वा नायक!” आम्हा लमाणांना ते नायकच म्हणतात. “याच्यावर चौथा चढू देऊ नको.”

गाडी आज न्यायची नाही म्हणाले. एक तर पौष, त्यात अष्टग्रही. फेब्रुवारीच्या तीन, चार, पाच तारखेला आठ ग्रह एका राशीत येताहेत आणि जग बुडणार आहे, असं ज्योतिषी सांगतात. जग बुडणार असेल तर गाडी कशाला, आणि वाचलं तर मग नेऊ, असा त्यांचा हिशेब. तोवर ती इथे माझ्याजवळ. मध्ये एक-दोनदा माणसं दाखवायला आणतील म्हणाले, सोयरे असतील.

“फक्त मीटर सांभाळ. मोटारीची इज्जत त्यातच असते.”

अशी कदर असणारं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं.

२० जानेवारी

भगवानरावांकडून दोन माणसं पाहायला आली. सोयरे वाटले नाहीत, शहरी होते. त्यांनीही मीटरच पाहिला आणि एकमेकांकडे पाहून मान हलवली. भगवानरावांनी घरादाराला हे वळण लावलेलं दिसतं.

याडीनं दुपारी येऊन गाडीच्या पाठीवर हात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवतात तसा. तिची पाच बोटं उमटली. मी फडक्यानं पुसली. ती म्हणाली, “माह्या हाताले काय झालं?” झालं काही नाही, पण गाडी भगवानरावांची आहे.

नेमसिंग आपल्या दोन वर्षांच्या पोरीला घेऊन पुढच्या सीटवर बसलेला सापडला. काचेबाहेर माणसं असताना त्याला उतरवलं. पोरगी रडली. त्याचं तोंड लाल झालं. “बसलोच होतो ना, बा. चालवून नाई राह्यलो.” मी म्हणालो, “सीटची गादी दबते.” आणि दबतेच.

२५ जानेवारी

नेमसिंगच्या हाताला इजा झाली. उजव्या. यवतमाळला रवाना केलं. रुक्मा आणि नंदाबाई सोबत आहेत. उद्या लिहीन.

२६ जानेवारी

सकाळी शाळेच्या पोरांची प्रभातफेरी शोरूमवरून गेली. मी झेंडा लावला.

काल झालं ते असं. दुपारची वेळ. कापसाचा रिकामा ट्रक, गिअरबॉक्स उतरवायची होती. मी पुढे शोरूममध्ये काच पुसत होतो. मागून आवाज आला, जड वस्तू दगडावर पडते तसा, आणि मग कोणाचाच आवाज नाही. जाऊन पाहतो तर जॅक आडवा, गिअरबॉक्स खाली आणि नेमसिंगचा हात खाली. तो ओरडत नव्हता. गॅरेजचा मिस्त्री अमरसिंग आणि मी पहार लावून उचललं.

दवाखान्यातले डॉक्टर आले. मनगट पाहिलं, बांधलं, सुई दिली. म्हणाले, “रक्त पुढे जात नाही. आज संध्याकाळच्या आत यवतमाळला सिव्हिल सर्जनच्या टेबलावर पाहिजे. हात वाचेल. उशीर केला तर सांगता येत नाही.”

शेवटची एस.टी. निघून गेलेली. त्या वेळी रस्त्यावर एक जीप नाही, एक टॅक्सी नाही. डॉक्टरांनी वळून काचेतून पाहिलं आणि म्हणाले, “अहो, ही काय गाडी उभी आहे. काढा.”

मी म्हणालो, “ती भगवानरावांची आहे.”

“भगवानरावांना मी सांगतो नंतर.”

“ते इथे नाहीत. त्यांना विचारल्याशिवाय हलवता येत नाही.”

“तुमच्या मुलाचा हात आहे!”

रुक्मा तोवर माझ्यासमोर येऊन उभी होती. पदर नाही डोक्यावर. “चावी द्या.”

“चावी आहे माझ्याजवळ. गाडी माझी नाही.”

“अवो, पेट्रोल हाये, तुमची लाल पाटी हाये रस्त्यावर काढाची, ड्रायव्हर तुमी सोताच हाये. काय पाह्यजे अजून?”

तिला गाड्यांच्या धंद्यातलं एवढं कळतं हे मला माहीत नव्हतं. तेवढं खरं होतं. नव्या गाडीला नंबर नसतो, पण विक्रेत्याची लाल पाटी लावून ती रस्त्यावर काढता येते, आणि माझी पाटी भिंतीवर लटकतच होती.

नेमसिंग बाजेवर होता. त्यानं एकदाच विचारलं, “बा, नेतं का?” मी त्याला समजावून सांगितलं. साठ मैल जायचं, साठ यायचं. मीटरवर एकशे तेवीस दिसतील. ती नवी गाडी राहणार नाही. ज्याचे पैसे घेतले त्याला आपण जुनी गाडी नवी म्हणून देणार का? त्यानं डोळे मिटले. त्याला पटलं असं मला वाटतं.

बाहेर माणसं जमली. कोणी तरी म्हणालं, “लमाण्याच्या हृदयात मीटर हाये.” मी मोजत नाही अशी माणसं.

मी स्वतः रस्त्यावर जाऊन एक ट्रक थांबवला. सरकी भरलेला, यवतमाळकडे निघालेला. वर पोत्यांवर गादी टाकली, पाळण्याचे पट्टे सोडून आणले आणि त्याला चारी बाजूंनी बांधून दिलं, धक्का लागू नये म्हणून. पट्टे चांगले बसले. रुक्मा आणि पोरीला घेऊन नंदाबाई वर चढल्या. मी दुकान उघडं टाकून जाऊ शकत नव्हतो.

२९ जानेवारी

जॅक टेबलावर घेऊन पाहिला. आटे झिजले आहेत हे खरं, वरच्या बाजूनं बरेच. पण झिजलेल्या आट्यांवरही तो धरतो, जर खाली फळी सरळ असेल. फळी सरळ होती का हे सांगणारा एकच माणूस आहे आणि तो यवतमाळला आहे.

अमरसिंगला विचारलं. तो म्हणाला, “फळी सरळ होती, मालक.” त्याला काय दिसलं असणार.

१ फेब्रुवारी

यवतमाळला जाऊन आलो, एस.टी.नं. तो सरकीचा ट्रक दिग्रसला तेलाच्या गिरणीवर माल उतरवत बसला, पुढे एक टायर फुटलं. हे लोक पोचले तेव्हा उजाडलं होतं. त्याच दिवशी हात कापला. मनगटापासून चार बोटं वर.

सर्जन तरुण आहे, बोलायला फटकळ. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, “आदल्या संध्याकाळी आणला असता तर फार तर दोन बोटं गेली असती.” मी विचारलं, कोणती दोन? त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. अंगठा राहिला असता तर पाना धरता येतो.

नेमसिंग भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी संत्री ठेवली. रुक्मानं ती उचलून शेजारच्या पेशंटला दिली.

५ फेब्रुवारी

तीन दिवस गावात होम-हवन, भजनं. बरेच जण मैदानात झोपले, घर अंगावर पडेल म्हणून. आज संध्याकाळी संपलं. जग बुडालं नाही. किसनराव चौकात म्हणाले, “आठ गिरहांले आपल्या पुसदचा पत्ताच नाई घावला!” सगळे हसले. मी समोरून जात होतो तसे गप्प झाले. पूर्वी मला पाहून हसायचे.

घरी याडी आणि मी दोघंच. तिनं भाकर वाढली आणि म्हणाली, “तुह्या आज्यानं गोणी फोडली होती.”

मी म्हणालो, “सील शाबूत होतं.”

“सील शाबूतच होतं. खालून शिवण उसवली. मुठीमुठीनं जवारी काढली, तितकी वाळू भरली, पुन्हा शिवली. तुह्या आजीनंच शिवली, तिनं मले सोता सांगितलं. तुहा बाप त्या जवारीवर जगला. नाई तं तू कुठून आला असता रे?”

“मग मला लहानपणापासून दुसरंच काहून सांगितलं?”

“पोरांले काय सांगतात मंग? चोरी केली म्हनून?”

म्हातारपणी माणसाच्या डोक्यात गोष्टी मिसळतात. गोणीची शिवण दुहेरी असते, आतून दुमडलेली. बाहेरून उसवली तर परत तशी घालताच येत नाही. मी गोण्या पाहिल्या आहेत.

भाकर तशीच राहिली. भूक नव्हती.

९ फेब्रुवारी

भगवानराव आले. मी गाडी आधी तीनदा पुसली होती. टायरच्या खाचांतली काथ्याची कुसळं काढली, रबरावर ग्लिसरीन लावलं. त्यांनी दरवाजा उघडला, मीटर पाहिला. तीन.

नेमसिंगचं त्यांनी ऐकलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. “अरे, न्यायची होती ना नायक. मानसापुढं मोटार काय? मी काय नाई म्हटलो असतो?”

मी चावी त्यांच्या हातात ठेवली.

मग त्यांनी पुन्हा वाकून आत पाहिलं. “पन बरं झालं म्हना. नाई नेली ते बरंच झालं.”

पेढ्याचा पुडा दिला. गाडी उतरणीवरून सावकाश खाली गेली. माझी उतरण, खालची बाजू रस्त्याला अजिबात लागली नाही. फरशीवर रेघा तेवढ्या राहिल्या.

पेढे अमरसिंगला दिले.

१७ फेब्रुवारी

ती गाडी आज चौकात उभी पाहिली. आत रामराव ठेकेदार. मला पाहून त्यांनी हॉर्न वाजवला. “तुह्याकडूनच आली रे, फिरून आली! नवीकोरी. त्या म्हाताऱ्यानं तीन मैलाचे तीन हजार घेतले!”

कागदावर गाडी भगवानरावांच्याच नावावर आहे म्हणतात, कारण नवी गाडी लगेच दुसऱ्याला विकायला सरकारची बंदी आहे. ते पाहायला आलेले दोघे रामरावांचे कारकून होते.

असो. मी भगवानरावांच्या हातात दिली तेव्हा ती नवी होती. पुढे त्यांनी काय केलं ते त्यांचं. सावकारानं ज्वारीचं काय केलं हे लदेणीच्या माणसानं विचारायचं नसतं.

डाव्या दरवाज्याला ओरखडा पडलाय. आठच दिवसांत.

२२ मार्च

रुक्मा नेमसिंगला घेऊन यवतमाळहून परस्पर तिच्या भावाच्या तांड्यावर गेली होती. आज धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ती दोघं आणि नंदाबाई पोरीला घेऊन आली, सामान न्यायला. मी नेमसिंगला सांगितलं की डाव्या हातानं पाना धरता येतो, मी बांधून देण्यासाठी चामड्याचा एक पट्टा आखला आहे, त्यात उजव्या बाजूला आकडा बसेल. चित्र दाखवलं. चांगलं झालं आहे ते चित्र.

त्यानं ते पाहिलं. “हे बी तूच करशील?”

“दुसरा कोण करणार?”

“नको. तुह्या हातची वस्तू नको, बा.”

रुक्मानं पेटी बांधली. जाताना याडीच्या पाया पडली. नंदाबाईनं पोरीला माझ्याकडे पाठवलं नाही. मी दुरून पाहिलं, चालते चांगली.

१८ नोव्हेंबर

चीनशी लढाई. रेडिओवर दुसरं काही नाही. कारखाने आता फौजेच्या गाड्या करणार, नागपूरचे शेठ म्हणाले, खाजगी गाडीचं नाव वर्षभर काढू नका. दोन पोट-एजंटांनी शोरूमचं किराणा दुकान केलं. मलाही एकानं विचारलं, पाटी तशीच ठेवा, आत युरियाची पोती ठेवू. मी त्याला दरवाजाचे जोड दाखवले आणि विचारलं, हे पोत्यांसाठी केलंय का?

फरशी रोज पुसतो. पुसून पुसून रेघा पुसट झाल्या होत्या. पुन्हा आखल्या.

जॅकचे आटे नवे कापले. उत्तम झाला.

३ मे १९६३

याडी गेली. निरोप पाठवला होता. नेमसिंग आला, खांदा दिला, डावा. मला म्हणाला, “जेवतं का?” मी म्हणालो जेवतो. त्यानं घड्याळ बांधलं आहे, चांगलं, परदेशी. काय करतो विचारलं तर म्हणाला, रामरावांकडे आहे. त्यांचे ट्रक पाहत असेल.

२१ जून १९६३

दुसरी गाडी आली. काळी. ट्रकवरूनच आणली, पाळणा दुरुस्त करून. मीटरवर चार. एक मैल जास्त कसा झाला म्हणून शेठशी भांडलो.

नंबर किसनरावांचा. उद्या ते पैसे भरून घेऊन जाणार.

२२ जून

किसनरावांच्या आधी, सकाळीच, नेमसिंग आला. पांढरे कपडे, उजवी बाही टोकाला दुमडून टाचणी लावलेली. चपला त्यानं दाराबाहेर काढल्या, न सांगता. एक मला आता कळलं. तो ट्रक नाही पाहत. रामरावांसाठी नव्या गाड्या मिळवतो. वर्ध्यापासून नांदेडपर्यंत सगळे एजंट त्याला ओळखतात. म्हणाला, “तुह्याच नावानं ओळखतात. खेमसिंगचा पोरगा, म्हन्जे माल पक्का पाहून घेणार.”

गाडीभोवती तो एक चक्कर फिरला. बॉनेट उघडायला आणि इंजिन चालू करायला सांगितलं. एका हातानं दांडी लावली, कान देऊन इंजिन ऐकलं आणि टॅपेटचा एक बारीक आवाज मला दाखवून दिला जो मला कालपासून ऐकू आला नव्हता. बरोबर होता. माझ्याहून चांगला कान आहे त्याचा, हे मी त्याला सांगितलं नाही.

मग स्टुलावर बसला. मी उभाच होतो.

“किसनराव ही गाडी घेऊन आमालेच देणार हाये, बा. बोलणं झालं त्याचं. दुपारी इथून निंगाली का संध्याकाळी रामरावाच्या दारात.”

“ते त्यांचं त्यांनी पाहावं.”

“आयक ना. कागद किसनरावाच्या नावचे झाले तर आमाले भानगड पडते. तू सरळ रामरावाच्या नावानं कर. किसनरावाले मी समजावतो, तो नंबर सोडून द्यायले तयार हाये. मंग वरचे पैसे त्याले कायले? तुले देतो.”

“नंबर किसनरावांचा आहे.”

“गाडी तिकडंच चालली ना! तुह्या हातून गेली का त्याच्या हातून, फरक काय?”

“माझ्या हाताचा फरक आहे.”

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. मग उठला, बाहेर रस्त्यावर नजर टाकली. पलीकडे लिंबाखाली टांगा उभा होता. त्यात रुक्मा, नंदाबाई आणि पोरगी. पेट्या मागे बांधलेल्या. मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. गाडी पाहत होतो.

“मायले समजावता समजावता सहा महिने लागले,” तो म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी पाना हरवला की व्हायचा तसा झाला होता. “मी तिले म्हटलं, तो एकडाव, फक्त एकडाव, आपल्यासाठी वाकला ना, तर आपण घरी जाऊ. मी गॅरेज पाहीन. डाव्या हातानं शिकलो मी, सगळं शिकलो. तुले दाखवतो. पैशासाठी नाई आलो, बा. पैसे तर रामरावाचे हायेत. तू फक्त हो म्हन.”

पोरगी टांग्यातून उतरून रस्ता ओलांडायला पाहत होती, नंदाबाईनं तिला धरून ठेवलं होतं.

किसनराव तेवढ्यात चौकाकडून येताना दिसले, पैशाची थैली काखेत. मी नेमसिंगला बाजूला व्हायला सांगितलं, कारण तो गाडीच्या आणि दरवाज्याच्या मध्ये उभा होता, आणि काळ्या रंगावर बाही घासली तर ओरखडा दिसतो. तो बाजूला झाला. चपला घातल्या. टांगा निघाला तो उमरखेडच्या रस्त्यानं.

किसनराव दुपारी गाडी घेऊन गेले. मीटरवर चार.

नोंद राहावी म्हणून लिहितो. नेमसिंगनं देऊ केलं ते असं: तो, रुक्मा, नंदाबाई आणि पोरगी, चौघं आजपासून परत या घरात, तो माझ्या गॅरेजमध्ये माझ्या हाताखाली, आणि छापील किमतीवर रोख साडेचार हजार. मी नाही म्हणालो. साडेचार हजार रुपये.